जळगावची पदवी

इसवी सन १९०७. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे होऊन तेव्हा एकच वर्ष लोटले होते. पश्चिम खानदेशाचे ठाणे धुळे, पूर्व खानदेशाचे जळगाव. जळगाव म्हणजे व्यापाराचे गाव. कापसाने भरलेल्या गाड्या, सरकी काढण्याचे कारखाने, आडतीच्या पेढ्या आणि आगगाडीचे स्थानक यांनी ते गजबजलेले असे. अशा गावात कापसाच्या भावावाचून दुसरी चर्चा व्हावयाची नाही, असे परक्या माणसाला सहज वाटावे. परंतु याच गावातून नारायण नरसिंह फडणीस नावाचे एक रसिक गृहस्थ 'काव्यरत्नावली' नावाचे मासिक काढीत असत. त्यात बातम्या नसत, गोष्टी नसत. असे ते केवळ काव्य. त्या काळचे अनेक नामवंत कवी या मासिकात लिहीत. तेव्हा महाराष्ट्रातील कवींचे पहिले संमेलन पुण्याला किंवा मुंबईला न भरता जळगावी भरले, यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

संमेलनाचे अध्यक्ष होते डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे लष्करी खात्यातील मोठे वैद्य आणि वनस्पतिशास्त्राचे गाढे अभ्यासक होते. आपल्या देशातील औषधी वनस्पतींवर त्यांनी मेजर बसू यांच्या साहाय्याने रचलेला प्रचंड ग्रंथ विद्वानांना आजही परिचित आहे. झाडपाल्याची पारख करणाऱ्या या माणसाला कवितेचीही पारख होती, आणि ते स्वतः काव्यरचना करीत.

या संमेलनात सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा आला होता. अंगाने किरकोळ, वागण्यात बुजरा. त्याच्या नावापुढे कोणतीही परीक्षा लागलेली नव्हती. घरी ना पैसा, ना कोणाचा वशिला. पांढऱ्या केसांच्या, मोठमोठ्या पगड्यांच्या मंडळींपुढे त्याने आपली कविता म्हटली, आणि ती ऐकून सभा थक्क झाली. अध्यक्षांनी त्या मुलाचे कौतुक केले आणि तेथेच त्याला 'बालकवी' ही पदवी बहाल केली. त्या मुलाचे नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे.

त्र्यंबकाचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगाव येथे झाला. धरणगाव हे जळगावच्या पश्चिमेस असलेले जुने, नांदते गाव. शिवाजी महाराजांच्या काळी तेथे इंग्रजांची वखार होती, आणि पुढे औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने उभारलेल्या भिल्लांच्या पलटणीचे ठाणेही तेथेच होते. त्र्यंबकाचे वडील बापूराव पोलीस खात्यात साध्या हुद्द्यावर होते. त्या खात्यातील नोकरी म्हणजे आज या गावी, तर उद्या त्या गावी. बिऱ्हाड हलले की शाळा बदले, सवंगडी बदलत आणि पुस्तकेही बदलत. शिवाय घरची ओढाताण कायमचीच. त्यामुळे त्र्यंबकाचे शिक्षण तुटक तुटक झाले. इंग्रजीच्या चार-पाच इयत्तांपुढे ते फारसे गेले नाही. मॅट्रिकची परीक्षा हा त्या काळी सरकारी नोकरीचा दरवाजा होता. त्या दरवाजापर्यंत तो पोहोचलाच नाही.

मात्र या भटकंतीत त्याला एक गोष्ट मिळाली, ती शाळेत बसून मिळती ना. त्याने खानदेश डोळे भरून पाहिला. काळीभोर जमीन, तापी-गिरणेची पात्रे, उत्तरेस निळसर दिसणारा सातपुडा, ओढ्याकाठची उंबराची झाडे, पावसाळ्यात एकाएकी हिरवी होणारी कुरणे, हे सारे त्याच्या मनात साठत गेले. ज्या मुलखात वैशाखात अंगण भाजून निघते आणि वाऱ्याबरोबर नुसता धुरळा उडतो, त्या मुलखातला कवी श्रावणातल्या ऊनपावसावर एवढा लुब्ध कसा झाला, असे कोणी कोणी विचारतात. ज्याने जळगावचा उन्हाळा काढला आहे, त्याला हा प्रश्न पडत नाही.

आता त्या पदवीकडे वळू. पदव्या दोन प्रकारच्या असतात. काही पदव्या परीक्षा देऊन मिळवावयाच्या असतात. अमुक विषय, अमुक गुण, ते मिळाले की पदवी. परीक्षकाची मर्जी असो वा नसो. दुसऱ्या पदव्या सन्मानार्थ दिलेल्या असतात. त्यांना गुणपत्रिका नसते. देणाऱ्याने माणसाकडे पाहावे, त्याच्या कामाकडे पाहावे आणि आपल्या विवेकाने निर्णय करावा. साहजिकच अशा पदव्यांत गफलती पुष्कळ होतात. इंग्रजांच्या राज्यात रावसाहेब, रावबहादूर अशा पदव्या दर वर्षी वाटल्या जात. त्यांतील काही खरोखरीच योग्य माणसांना मिळाल्या, तर काही केवळ साहेबाची मर्जी सांभाळणाऱ्यांना. यांपैकी बहुतेक पदव्या माणसाबरोबरच विस्मृतीत गेल्या. याच्या उलट, धुळ्यास अखेरची वर्षे घालवून तेथेच १९२६ साली देह ठेवणारे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे पाहा. जुन्या कागदपत्रांसाठी गावोगाव पायपीट करून, जुन्या वाड्यांतील दप्तरे धुंडाळून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने उजेडात आणली. त्यांना लोक इतिहासाचार्य म्हणू लागले. आज शंभर वर्षे होत आली, तरी त्या पदवीवाचून त्यांचे नाव घेणे जिभेला जड जाते.

खेळातही हा प्रश्न सुटलेला नाही. बुद्धिबळात ग्रँडमास्टर ही पदवी मिळवावयाची, तर खेळाडूला नेमलेल्या दर्जाच्या स्पर्धांतून ठरलेली कामगिरी सामान्यतः तीन वेळा करून दाखवावी लागते आणि आपले गुणांकन २५०० पर्यंत न्यावे लागते. तेथे वशिला चालत नाही. तथापि या खेळाच्या जागतिक संघटनेने ही पदवी कित्येकांना केवळ सन्मानार्थही दिली आहे. पंजाबातील एका जमीनदाराच्या पदरी असलेला सुलतान खान हा असाच एक खेळाडू. लहानपणी तो देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकला. विलायती नियम त्याला पुढे शिकावे लागले, आणि तरीही १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वर्षे तो ब्रिटनचा विजेता ठरला. पूर्वीचा जगज्जेता कापाब्लांका यालाही त्याने एका डावात हरविले. स्वदेशी परतल्यावर १९३५ साली त्याने महाराष्ट्राचे खाडिलकर यांच्याशी दहा डावांचा सामना केला. त्यांतला एक डाव तेवढा बरोबरीत सुटला, उरलेले नऊही सुलतान खानाने जिंकले. पुढे १९५० साली ग्रँडमास्टर ही पदवी पहिल्या सत्तावीस जणांना देण्यात आली, तेव्हा त्यांत त्याच्याकडून हरलेले रुबिनस्टाइन व टार्टाकोवर होते, पण तो नव्हता. १९६६ साली सुलतान खान वारला. त्याची सन्मानार्थ पदवी जाहीर झाली ती २०२४ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

सुलतान खानाची पदवी काम झाल्यावर फार उशिरा आली. त्र्यंबकाची आली ती काम होण्याच्या अगोदरच. हाच मोठा धोका होता. १९०७ साली त्याच्या नावावर असे काय होते? थोड्या कविता, आणि त्याही कोवळ्या. ज्या कवितांसाठी महाराष्ट्र त्याला ओळखतो, त्यांतील बहुतेक अजून लिहावयाच्या होत्या. अशा वयात मोठ्या माणसांनी डोक्यावर घेतले, की मुलगा हुरळून जातो आणि पुढे त्याच्या हातून काही होत नाही, अशी उदाहरणे थोडी नाहीत. सभेत टाळ्या मिळविणारी कविता आणि एकान्तात वाचली असता टिकणारी कविता या एकच नव्हेत. कीर्तिकरांची पारख चुकली असती, तर ती पदवी त्या मुलाच्या चेष्टेचा विषय होऊन बसली असती. अंकुर पाहून वृक्ष ओळखण्याचे हे काम एका वनस्पतिशास्त्रज्ञाकडे आले, हा योग मोठा गमतीचा म्हटला पाहिजे.

पदवी मिळाली, पण तिच्याबरोबर जहागीर नव्हती की वेतन नव्हते. पोटाचा प्रश्न होता तेथेच राहिला. या काळात त्र्यंबकाला आधार मिळाला तो रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा. टिळक स्वतः मोठे कवी, आणि माणसे जोडण्याचा त्यांना छंदच होता. त्यांनी या तरुणाला अहमदनगरला आपल्या घरी आणले आणि घरच्यासारखे वागविले. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी त्याच्यावर आईची माया केली. या लक्ष्मीबाईही शाळेत गेलेल्या नव्हत्या. अक्षरओळख त्यांना लग्नानंतर झाली. पुढे त्यांनी 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहून मराठी गद्याला एक अलंकार दिला. त्या पुस्तकात ठोंबऱ्यांची आठवण आहे. बालकवींच्या स्वभावाचे जे चित्र त्यांच्या निकटवर्तीयांनी रेखाटले आहे, त्यात ते अत्यंत हळवे, लहरी, क्षणात रुसणारे आणि क्षणात हसणारे असे दिसतात. मोठेपणाची पदवी मिळालेला हा तरुण वागण्यात मात्र मूलच राहिला होता. व्यवहार त्याला कधीच साधला नाही.

टिळकांच्या सहवासात आणि पुढे पुण्यास वगैरे झालेल्या वास्तव्यात बालकवींची कविता बहरास आली. राम गणेश गडकरी यांच्यासारख्या प्रतिभावंताशी त्यांचा स्नेह जुळला. केशवसुतांनी मराठी कवितेला नवी वाट करून दिली होती, आणि त्यांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्या वाटेने जाणारे पुष्कळ होते. पण बालकवींनी त्या वाटेकडेची फुले, झरे, तारका आणि पाखरे यांच्याशीच सोयरीक केली. 'फुलराणी'मध्ये एक अबोल कळी आणि सूर्याचा किरण यांचे लग्न त्यांनी असे लावले, की आकाशातले सारे वऱ्हाड डोळ्यांपुढे उभे राहावे. 'श्रावणमास' ही कविता महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केली. 'औदुंबर' ही तर अवघ्या आठ ओळींची कविता. तीत एक गाव आहे, शेतमळे आहेत, एक पायवाट आहे आणि पाण्यात पाय सोडून बसलेले एक झाड आहे. एवढ्याशा कवितेवर मराठीतील जाणत्या टीकाकारांनी अनेक वर्षे चर्चा केली, आणि तिचा अर्थ अजून संपला आहे असे कोणी म्हणत नाही.

बालकवी या नावामुळे मुलांचा एक गैरसमज होण्याचा संभव असतो. लहान मुलांसाठी कविता लिहिणारा तो बालकवी, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः वयाने बाल असलेला कवी, एवढाच कीर्तिकरांच्या मनातला अर्थ. वय वाढले, पण नाव तेच राहिले. पंचविशी उलटल्यावरही लोक त्यांना बालकवीच म्हणत. आणि त्या वयातील त्यांच्या कवितेत मुलांना न कळणारे दुःखही होते. दारिद्र्य, संसारातील अस्वास्थ्य, कोठेही पाय न टिकणे, यांनी त्यांचे मन काळवंडून जाई. 'पारवा' ही कविता वाचताना हा फुलराणीचाच कवी काय, असा प्रश्न पडतो. पडक्या जागी एकटाच घुमणारा तो पक्षी म्हणजे कवीचे मनच होते. पदवी आनंदी मुलाला मिळाली होती. ती वागवीत होता एक उदास तरुण.

या ठिकाणी आणखी एका व्यक्तीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. जळगावात कवींचे संमेलन भरले, तेव्हा त्याच गावात चौधरी यांच्या घरी एक सत्तावीस वर्षांची सून नांदत होती. तिचे माहेर जवळचेच, आसोदे. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. पहाटे जात्यावर बसून दळताना आणि दिवसा शेतात राबताना ती अहिराणीच्या शेजारच्या आपल्या लेवा बोलीत ओव्या रचीत असे. सभामंडपात कोणाला तिचे नाव माहीत असण्याचा संभव नव्हता, आणि मंडपात काय चालले आहे, हे तिलाही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच १९०७ साली तिला सोपान हा मुलगा झाला. या सोपानदेवांनी व त्यांच्या मावसभावाने तिच्या मुखातून आलेल्या ओव्या जमतील तशा लिहून ठेवल्या. १९५१ साली ती वारली. त्यानंतर ते बाड आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडले, आणि १९५२ साली बहिणाबाई चौधरी हे नाव महाराष्ट्राला कळले. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव देण्यात आले. जी कधी शाळेची पायरी चढली नाही, तिच्या नावाच्या विद्यापीठातून आज खानदेशातील मुले परीक्षा देऊन पदव्या घेतात.

कीर्तिकरांनी त्र्यंबकाला जी पदवी दिली, ती योग्य माणसाला दिली, यात शंका नाही. परंतु जो समोर आला, ज्याने तोंड उघडले, त्यालाच ते पाहू शकले. एका घरात जे जात्याच्या घरघरीत विरून जात होते, ते ऐकावयास सभेतील एकही कवी गेला नाही. त्यांना दोष देता येत नाही. तो काळच तसा होता. तरी जळगावच्या त्या संमेलनाची कथा सांगताना ही गोष्ट वगळून चालत नाही.

इकडे बालकवींचे आयुष्य फार थोडे उरले होते. १९१८ सालचा मे महिना. खानदेशात उन्हाळा ऐन भरात होता. जळगावाजवळ भुसावळच्या वाटेवर भादली नावाचे लहानसे स्थानक आहे. ५ मे या दिवशी तेथे रूळ ओलांडीत असता आगगाडीखाली सापडून बालकवींचा अंत झाला. त्यांना अठ्ठाविसावे वर्ष चालू होते. ज्या जळगावी त्यांना नाव मिळाले, तेथून हे ठिकाण काही मैलांवर आहे. पुढच्याच वर्षी, १९१९ मध्ये, जानेवारीत गडकरी गेले आणि मे महिन्यात टिळकही गेले. मराठी कवितेचे ते फार वाईट वर्ष होते. कीर्तिकर तर १९१७ सालीच निवर्तले होते. औषधी वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९१८ साली, म्हणजे बालकवी गेले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला.

बालकवींच्या हयातीत त्यांच्या कवितांचे एकही पुस्तक निघाले नाही. काही कविता मासिकांतून विखुरलेल्या, काही मित्रांच्या वह्यांतून उतरून घेतलेल्या, तर काही अर्ध्याच राहिलेल्या. स्नेह्यांनी आणि अभ्यासकांनी त्या हळूहळू गोळा केल्या. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली एक नाटक लिहिले, तेव्हा त्याला 'ती फुलराणी' हे नाव द्यावेसे त्यांना वाटले. आणि प्रेक्षकांना त्या नावाची ओळख करून देण्याची गरज पडली नाही. त्यापूर्वीच, १९६६ साली, नंदा आपटे यांनी संपादित केलेली कवितांची संपूर्ण आवृत्ती निघाली होती. तिचे नाव आहे 'समग्र बालकवी'. कीर्तिकरांनी जळगावच्या मंडपात उच्चारलेला शब्द पुस्तकाचे नाव झाला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे नाव आता कोणी विचारले तरच सांगावे लागते.